जरा सरकून घ्या

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास पुण्यातला कुठलाही सिग्नल बघा. झेब्रा क्रॉसिंगपाशी शुकशुकाट असतो. सगळी दुचाकीस्वार मंडळी तीस-चाळीस फूट मागे, एका गुलमोहराच्या सावलीत एकमेकांना खेटून उभी असतात. एरवी लाल दिव्याला निम्मं चाक रेषेपुढे घालून 'थांबलोय की!' म्हणणारा पुणेकर त्या सावलीची हद्द मात्र इंचभरही ओलांडत नाही. उशिरा आलेल्याला कुणीतरी चक्क स्कूटर सरकवून जागा करून देतं. पुण्यात अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला आपणहून जागा देण्याचे प्रसंग मुळात थोडे, आणि त्यातले बहुतेक झाडाखाली घडतात. पावत्या फाडफाडून जी शिस्त लागली नाही, ती एका झाडानं तोंडातून अवाक्षर न काढता लावली आहे.

हीच मंडळी जूनमध्ये मृग लागला की कागद-पेन घेऊन बसतात. 'विषय : आमच्या गेटसमोरील धोकादायक वृक्षाबाबत.'

झाडाचा धोका म्हणजे नक्की काय, हे या अर्जांत तपशीलवार असतं. पानं पडतात. फुलं पडतात आणि त्यांवरून पाय घसरतो. पक्षी गाडीवर घाण करतात. फांदीवरून चोर दुसऱ्या मजल्यावर येऊ शकतो (आजवर आलेला नाही, पण येऊ शकतो). एका अर्जात तर 'सदर झाड वाऱ्याने हलते' ही तक्रार मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे. अर्जदाराला वारा बंद करून हवा होता की झाड, ते स्पष्ट होत नव्हतं.

न हलणारी, पान न गाळणारी झाडं शहरात आली नाहीत असं नाही. मोबाइलचा टॉवर डोळ्यांना खुपू नये म्हणून काही ठिकाणी त्याला माडाचं सोंग देतात. खाली तपकिरी रंगवलेला खांब, वर प्लॅस्टिकच्या हिरव्यागार झावळ्या. या झाडाला चोवीस तास वीज असते, वार्षिक देखभालीचं कंत्राट असतं, कुंपण असतं, वॉचमन असतो आणि त्याच्या जागेचं भाडं वेळच्या वेळी जमा होतं. त्याला कुणी खिळा मारत नाही, त्याच्या बुंध्याशी कुणी कचरा टाकत नाही. शहरात झाडानं सुखानं जगायचं तर काय काय लागतं, याची यादी आपल्याला तोंडपाठ आहे, हे त्या माडाकडे पाहिलं की कळतं. फक्त झाड खोटं असावं लागतं.

खऱ्या झाडाच्या वाट्याला कौतुकाचा एकच दिवस येतो, तो लावण्याचा. क. मा. मुन्शी केंद्रात अन्न व कृषिमंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपांचा. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली एक जुलैला दोन कोटी झाडं लावायचं ठरवलं, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. देवांचा आकडा गाठल्यावर पुढे जाण्यासारखं काही उरलं नाही. आमच्या भागातला कार्यक्रम अर्थातच लहान असतो. रोप दीड फुटाचं, फ्लेक्स बारा फुटांचा. एका रोपाला आठ जणांचे हात लागलेले, शिवाय मागून खांद्यावरून वाकलेली डोकी. झारी एकच असल्यानं ती हातोहात फिरते आणि प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे पाहत पाणी घालतो. त्यामुळे ते कुणाच्या तरी बुटावर पडतं. फोटोत रोप येत नाही, पण आठही जण नीट येतात. मग सगळे वडापाव खायला जातात आणि फ्लेक्स शेजारच्या मोठ्या झाडाला खिळे ठोकून लावला जातो. त्यावर 'झाडे लावा, झाडे जगवा' असं असतं.

त्या रोपाची काळी प्लॅस्टिकची पिशवी काढायची असते, हे आठांपैकी एकालाही माहीत नसतं. माळ्याला माहीत असतं, पण त्याला फ्रेमच्या बाहेर उभं केलेलं असतं. पिशवीसकट रोप पुरलं की मुळं आतल्या आत गोल गोल फिरत राहतात आणि रोप दोन वर्षांनी 'काय झालं कुणास ठाऊक' या आजारानं जातं.

लावण्याला आपल्याकडे महोत्सव आहे, मंत्री आहेत, बॅनर आहेत. जगवण्यासाठी लागतं ते फार थोडं आणि फार कंटाळवाणं असतं. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोन-तीनदा बादलीभर पाणी, आळ्यात पालापाचोळा, एक काठी, आणि रोपाभोवती थोडी उघडी माती. बादली घेऊन चाललेल्या माणसाचा फोटो कोण काढणार?

रोपाला गुरांपासून वाचवायला लोखंडी पिंजरा बसवतात. त्यावर पाटी असते, 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'. आमच्या रस्त्यावर असे काही पिंजरे आहेत, ज्यांच्या आत आता काहीच नाही. पाटी मात्र चकचकीत आहे. स्मरण दात्याच्या वडिलांचं आहे की रोपाचं, असा संभ्रम नवख्या माणसाला पडतो.

आणि रोप जगलंच, तर पिंजरा काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक करंज आहे. चांगला तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेला, एप्रिलमध्ये पोपटी पालवीनं असा चमकतो की समोरच्या ब्यूटी पार्लरनं हेवा करावा. या करंजानं आपला पिंजरा गिळला आहे. लोखंडाच्या पट्ट्या निम्म्या बाहेर, निम्म्या सालीच्या आत. पाटीवरचं 'सौजन्य' तेवढं बाहेर उरलं आहे, दात्याचं आडनाव खोडात गेलं. दिसायला हे गमतीचं आहे, पण झाडाच्या जिवावरचं आहे. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीच्या लगेच आतल्या पातळ थरातून. तिथंच पट्टी किंवा तार आवळली गेली की वर झाड हिरवंगार दिसतं आणि खाली मुळं उपाशी राहतात. दिवाळीतल्या माळा, केबलवाल्याची तार, कपडे वाळत घालायची दोरी या सगळ्यांचा परिणाम हाच. झाडांवरच्या विजेच्या रोषणाईचं प्रकरण तर मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत गेलं. रात्रभर डोळ्यांवर दिवा ठेवून झोपायला सांगितलं तर आपणही वकील गाठूच.

खिळ्यांचं तर बोलायलाच नको. आमच्या करंजाच्या अंगावर एका वेळी 'घरबसल्या कमवा', 'मूळव्याध, भगंदर – ऑपरेशनशिवाय', 'दहावी गणित – खात्रीशीर', 'पेइंग गेस्ट (फक्त शाकाहारी)' आणि 'स्वच्छ पुणे' एवढ्या पाट्या होत्या. माणसाच्या दहावीपासून भगंदरापर्यंतच्या सगळ्या अवस्था एका खोडावर. पुण्यातल्या 'आंघोळीची गोळी' या गटातल्या तरुणांनी 'खिळेमुक्त झाडं' अशी मोहीमच काढली आणि सुट्टीच्या दिवशी पक्कड घेऊन ही मुलं झाडांचे खिळे उपटत हिंडायला लागली. आमच्या आळीतल्या एका ज्येष्ठांनी अशाच एका मुलाला थांबवून 'परवानगी काढलीय का?' असं विचारलं होतं. खिळा मारणाऱ्याला त्यांनी कधी विचारलेलं नाही. मारणारा रात्री येतो आणि ज्येष्ठ नऊला झोपतात.

पण खिळा, तार, पिंजरा हे सगळं सोसूनही झाड उभं राहतं. त्याला खरं आडवं करतो तो पेव्हर ब्लॉक.

हा पदार्थ आपल्याकडे का आवडतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. मातीचा तुकडा दिसला की पुढाऱ्याला आणि सोसायटीच्या कमिटीला सारखंच अस्वस्थ वाटतं. 'चिखल होतो हो!' चिखल होतो म्हणजे पाणी मुरतं, हे सांगायला गेलं की लोक आपल्याकडे दयेनं पाहतात. झाडाचं अन्नपाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फूट मातीतच असतात. ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात आणि त्यांना श्वासाला हवा लागते. वरून सिमेंट थापलं की हवाही बंद आणि पाणीही. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच आदेश दिला की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. एक मीटर म्हणजे काय, तर साडेतीन फूटही नाही. दुचाकी आडवी लावायला याहून जास्त जागा लागते.

हा एक मीटर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चर्चेला आला. विषयपत्रिकेवर तो 'आयत्या वेळचे विषय' यात, म्हणजे वेफर्स संपल्यानंतर. सी विंगमधले निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "ब्लॉक काढले तर लेव्हल जाईल." लेव्हल म्हटलं की सभा गंभीर होते. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "डास होतील." खजिनदार म्हणाले, "एकदा काढलं की उद्या सगळेच मागतील." सगळे म्हणजे कोण, हे विचारल्यावर त्यांनी आवारातल्या उरलेल्या झाडांकडे हात केला. जणू अशोकाची अख्खी रांग दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ज घेऊन येणार होती. मग एकानं 'मुळांनी पाया उखडतो' हा हुकमी मुद्दा काढला. त्यावर बी विंगचे आजोबा म्हणाले, "अहो, तो करंज तिथं इमारतीच्या आधीपासून आहे. त्यानं आपल्याबद्दल तक्रार करायला हवी." सभेत पहिल्यांदा टाळ्या पडल्या. लगेच सेक्रेटरींनी पार्किंगचा विषय घेतला.

आणि पार्किंगनंच करंज तारला. कारण फाटकाबाहेर त्याच्या सावलीत कुणी गाडी लावायची, यावरून दर उन्हाळ्यात तीन घरांचं बोलणं बंद असतं. झाड वाळलं तर सावली जाईल, सावली गेली तर सीट तापेल, हा युक्तिवाद मुळांच्या श्वासोच्छ्वासापेक्षा फारच पटला. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं. त्यांची गाडी बेसमेंटमध्ये असते.

पुढच्या रविवारी माळीमामा पहार घेऊन आले. ब्लॉक निघाले, त्याखाली क्रश सँड निघाली, तिच्याखाली सिमेंटचा एक थर निघाला आणि त्याच्याखाली माती निघेल अशी आमची समजूत होती. निघालं ते बिल्डरचं डबर. विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स (आमच्याच बाथरूमच्या, रंग ओळखीचा होता), वाकलेला गज, चहाचे प्लॅस्टिकचे कप आणि गुटख्याची पुडी, जिच्यावरचा ब्रँड आता मिळतही नाही. करंजाची मुळं या सगळ्यातून वाट काढत, एका टाइलच्या फटीतून चपटी होऊन पुढे गेलेली. हे पाहून इंजिनिअरसाहेबही थोडा वेळ गप्प झाले. मग त्यांनीच डबर भरायला पाट्या आणल्या. माळीमामांनी मुळांना धक्का न लावता हातानं खडे वेचले, पोयट्याची माती आणि शेणखत घातलं, उथळ आळं केलं आणि वर करंजाचीच वाळकी पानं पसरली. "एवढंच?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांना बिलात अजून काहीतरी अपेक्षित होतं.

पानांचाही एक वेगळाच हिशेब आहे. आमच्याकडे रोज सकाळी पानं झाडून पोत्यात भरतात आणि ती उचलून न्यायला पैसे देतात. मग कुंड्यांसाठी नर्सरीतून सेंद्रिय खताच्या पिशव्या विकत आणतात. त्या पिशवीत काय असतं? कुजलेली पानं. मधल्या प्रवासाचं भाडं आपण दोन्हीकडून भरतो. हे मी खजिनदारांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरी वेदना दिसली.

छाटणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथं जिवाशी गाठ असते. पावसाळ्याआधी वीजवाले येतात आणि तारांच्या बाजूच्या फांद्या साफ करून जातात. त्यांचा दोष नाही, त्यांना तारा सांभाळायच्या असतात. पण एकाच बाजूनं कापलेलं झाड दुसऱ्या बाजूला कलतं आणि पहिल्या वादळात, ज्यांनी 'धोकादायक' म्हणून अर्ज दिला होता त्यांच्याच गाडीवर जातं. म्हणजे अर्ज खरा ठरतो. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं जरा फुगीर कडं असतं. त्याच्या लगत बाहेरून कापलं तर झाड जखम स्वतः भरून काढतं. खोडाला सपाट लावून कापलं किंवा हातभर खुंटी ठेवली तर कुजत आत जातं. शेंडाच उडवला तर चारी बाजूंनी जे फुटवे येतात त्यांची पकड कच्ची असते. हे सगळं टळावं असं वाटत असेल तर तारांखाली मुळात बहावा, कांचन, आपटा अशी बेताची झाडं लावावीत आणि वड, पिंपळ, चिंच यांना मोकळं मैदान द्यावं. डॉ. हेमा साने पुण्यात बुधवार पेठेतल्या आपल्या घरी विजेशिवाय राहिल्या. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, हा योगायोग नसावा. वीजच न घेणारा शेजारी मिळणं हे शहरातल्या झाडाचं परमभाग्य.

नवीन गृहप्रकल्पांनी या सगळ्यावर काढलेला तोडगा म्हणजे पाम. पान रोज गळत नाही, फांदी नाही, पक्षी फारसे बसत नाहीत आणि सावली पडलीच तर फक्त त्याच्या स्वतःच्या बुंध्यावर. ब्रोशरमध्ये याला 'लश ग्रीन लँडस्केप' म्हणतात. पाम मुकाट्यानं रांगेत उभे राहतात आणि रहिवासी त्यांच्यामधून छत्री घेऊन जातात.

झाडाला वाचवायचा आपला पारंपरिक उपाय धार्मिक आहे. बुंध्याशी एक दगड ठेवायचा, शेंदूर फासायचा. कुऱ्हाडवाला लांबूनच नमस्कार करतो. पण मग भक्त जमतात, भक्तांना पाय भाजतात म्हणून टाइल्स येतात, मग कठडा, पत्रे, दानपेटी, खोडाला टेकवून ठेवलेल्या समया. कुऱ्हाडीतून सुटलेला पिंपळ ग्रॅनाइटात अडकतो. वटपौर्णिमेचं तर विचारूच नका. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून शहरात वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात. त्या संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत.

कायदा आपल्याकडे आहे आणि तो चांगला पन्नाशीचा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात 'झाड तोडणे' याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं तिच्यात बसतं. म्हणजे भगंदरवाल्याचा खिळाही बसायला हरकत नाही. तोडायचंच असेल तर आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, शिवाय त्या झाडावर दर्शनी भागी नोटीस लावावी लागते. ज्याला तोडायचं त्याच्याच अंगावर हरकती मागवायच्या! झाडाला वाचता आलं असतं तर पहिली हरकत कुणाची आली असती, ते सांगायला नको. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यापुढच्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' केलं. आता काही झाडं फार वर्षं एकोणपन्नासाव्या वर्षीच थांबून राहतील, अशी मला शंका आहे.

मुंबई महापालिकेच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं भरली. २०११ च्या जनगणनेत मुंबईची माणसं होती सव्वा कोटीच्या घरात. ढोबळ भाग लावला तर चौघांत एक झाड पडतं. म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून एका झाडाची जबाबदारी. एवढी तर आपण कुत्र्याचीही घेतो. फक्त कुत्र्याला कुणी पेव्हर ब्लॉकमध्ये बसवत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तुमच्या चौघांच्या वाट्याचं झाड खाली जाऊन शोधा. रस्त्यावरचं असेल तर प्रभागाच्या उद्यान विभागाकडे सिमेंट काढायचा अर्ज द्या, आवारातलं असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत उठू नका. ठराव साधा आहे : 'झाडाभोवती एक मीटर माती उघडी ठेवावी.' खर्च एक पहार, अर्ध्या दिवसाची मजुरी आणि दोन पाट्या शेणखत. सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक मिळत नसेल, तर त्या झाडाखाली गाडी कोण लावतो ते बघून ठेवा आणि त्याच्या शेजारची खुर्ची धरा.